आईला ऐकू येतं, पण कळत नाही : औषध, कान आणि बोलणं

सायंतारा

आमच्या गावी, कराडजवळ, पाऊस लागला की संध्याकाळी रातकिड्यांनी कान भरून जातात. २०१६ च्या जुलैत मी माहेरी गेले होते. आई आणि मी ओसरीवर बसलो होतो. ती म्हणाली, "यंदा रातकिडे नाहीत का गं?" मी म्हटलं, "आहेत की, किती ओरडतायत." ती "असतील" म्हणाली आणि गवार मोडत बसली. मीही पुढे काही विचारलं नाही.

तेव्हा तिला एमडीआर टीबीची, म्हणजे नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाची, इंजेक्शनं सुरू होऊन तिसरा महिना लागला होता. कानामायसिन. आठवड्यातले सहा दिवस, असं सहा महिने. सोबत मूठभर गोळ्या, त्या पुढे वर्षभराहून जास्त चालल्या. आई बरी झाली. हे आधी सांगते, कारण त्या वॉर्डात तिच्यासोबतच्या सगळ्याच बायका बऱ्या होऊन घरी गेल्या नाहीत.

पण त्यानंतर घरात एकेक गोष्ट बदलत गेली. तिची फोडणी जळायला लागली. आयुष्यभर मोहरी तडतडली की हिंग, हळद टाकणारी बाई. आता ती तडतड तिच्यापर्यंत पोचतच नव्हती. भाजीवाला "तीस" म्हणाला की ही वीस काढून द्यायची. माझ्या भावाचं बोलणं तिला बऱ्यापैकी कळतं, माझ्या मुलीचं जवळपास काहीच नाही. हळू बोललं तर "काय?" आणि त्याच गोष्टीला आवाज चढवला तर "ओरडतेस कशाला, बहिरी नाही मी."

आम्ही घरच्यांनी यातून काढलेला अर्थ असा : तिचं लक्ष नसतं. हवं ते बरोबर ऐकू येतं. हे वाक्य मी स्वतः तिच्यासमोर, तिला ऐकू जाणार नाही अशा समजुतीने, कितीदा तरी बोललेय.

२०१९ मध्ये कानाची तपासणी केली. २५० आणि ५०० हर्ट्झला, म्हणजे खालच्या सुरांना, जवळजवळ नॉर्मल. २००० पासून आलेखाची रेघ खाली उतरते, ४००० ला ७० डेसिबल इतका मोठा आवाज लागतो, आणि ८००० ला यंत्राचा आवाज शेवटपर्यंत वाढवला तरी उत्तर नाही. "कानाला मशीन लावा" एवढंच सांगितलं गेलं. मशीन घेतलं. ते कपाटात आहे, कारण ते लावलं की तिला भांड्यांचा आवाज सहन होत नाही.

मला समजून घ्यायचंय. यात कानाचं काय बिघडलं, मेंदू काय करतो, औषधाने नेमकं कुठे घाव घातला? आणि अजून काही करता येईल का? इथे या विषयातले कुणी असतील तर कृपया लिहा.

---

आडवाट

वाचतोय. रातकिड्यांचं वाचून थांबलो. माझ्या सासऱ्यांनी कर्करोगाच्या उपचारानंतर "हल्ली चिमण्या येत नाहीत" असं म्हटलं होतं. आम्ही सगळे पर्यावरणावर बोलत बसलो.

---

श्रवणा

सायंतारा, मी ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ आहे, चौदा वर्षं हेच काम करतेय. तुम्ही लिहिलेला आलेख मी न बघताही डोळ्यांसमोर आला. या औषधांचा आलेख असाच असतो.

आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखी वळणं घेतलेली नळी असते, कॉक्लिया. उलगडली तर साधारण ३५ मिलिमीटर भरेल. तिच्या पडद्यावर प्रत्येक सुराची जागा ठरलेली आहे. नळीच्या सुरुवातीला बारीक, उंच आवाज. आत टोकाशी खर्ज. आवाज त्या पडद्यावरून लाटेसारखा सरकतो आणि आपापल्या जागी उसळी घेतो, हे जॉर्ज फॉन बेकेशी यांनी दाखवलं, त्यासाठी त्यांना १९६१ चं नोबेल मिळालं.

या पडद्यावर केशपेशी असतात. आतल्या एका ओळीत सुमारे ३५००, बाहेरच्या तीन ओळींत मिळून सुमारे १२०००. आतल्या पेशी मेंदूला निरोप पाठवतात. बाहेरच्या पेशी स्वतः आखडून-ताणून हळू आवाज मोठा करतात आणि दोन जवळचे सूर वेगळे ठेवतात. कानामायसिन, अमिकासिन, जेंटामायसिन, स्ट्रेप्टोमायसिन ही एका कुळातली औषधं. केशपेशीच्या केसांच्या टोकाशी जे सूक्ष्म दार उघडल्यावर आवाजाचं विजेच्या संकेतात रूपांतर होतं, त्याच दारातून हे औषध पेशीत शिरतं. आत जाऊन साठतं, घातक रेणू तयार करतं, पेशी मरते. पहिला बळी बाहेरच्या केशपेशींचा, आणि त्यातही नळीच्या सुरुवातीच्या भागातल्या. म्हणून आधी रातकिडे जातात, मग मोहरी, मग "तीस" मधला त आणि स.

पक्ष्यांमध्ये या पेशी पुन्हा उगवतात. माणसात नाही.

आता तुमचा मुख्य प्रश्न. बोलण्यातल्या स्वरांची, म्हणजे आ, ई, ऊ वगैरेंची बरीचशी ताकद खालच्या सुरांत असते. स, श, फ, त, ट, क, ख यांची ओळख वरच्या सुरांत. 'स' तर ४००० हर्ट्झच्या वरच जास्त असतो. तुमच्या आईला स्वर पूर्ण ऐकू येतात, म्हणून "आवाज येतो" असं त्या खरंच सांगतात. पण खाट, ताट, पाट हे तिन्ही शब्द त्यांच्या कानात "आट" म्हणून उतरतात. ओरडल्याने फायदा होत नाही, कारण ओरडताना आपण स्वर मोठे करतो. 'त' किंवा 'फ' ओरडता येत नाही. उलट मोठा झालेला स्वर शेजारचं व्यंजन झाकून टाकतो.

"हळू बोललं तर काय, मोठ्याने बोललं तर ओरडतेस कशाला" याचंही कारण तेच. हळू आवाज उचलणाऱ्या पेशी गेल्या, पण मोठ्या आवाजाची सहनशक्ती होती तिथेच राहिली. मधली पट्टी आक्रसली. ऐकू येणं आणि त्रास होणं यांत फार थोडं अंतर उरतं. म्हणून भांडी आदळली की त्यांना खरंच दुखतं. तो स्वभावाचा भाग नाही.

मशीनबद्दल वेगळं लिहिते.

---

निवांत

श्रवणाताईंनी कान सांगितला, मी थोडं मेंदूचं लिहितो. नाशिकला कनिष्ठ महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवतो. हा भाग शिकवताना दरवर्षी मुलांच्या डोळ्यांत चमक दिसते.

आपण ऐकतो म्हणजे कानाने नोंद करतो आणि मेंदू ती वाचतो, असं वाटतं. प्रत्यक्षात मेंदू आधीच अंदाज बांधून बसलेला असतो. रिचर्ड वॉरन यांनी १९७० मध्ये एका वाक्यातला एक ध्वनी कापून काढला आणि त्या जागी खोकल्याचा आवाज टाकला. ऐकणाऱ्यांना शब्द पूर्ण ऐकू आला. खोकला नेमका कुठे आला हेही त्यांना धड सांगता येईना. त्याच जागी नुसती शांतता ठेवली तर मात्र फट लगेच कळते. म्हणजे मेंदू रिकामी जागा भरतो, पण त्याला भरायला निमित्त लागतं आणि संदर्भ लागतो.

आता सायंतारांच्या आईकडे बघा. "जेवायला चल", "दूध उतू जाईल", "पाऊस येतोय बघ" ही वाक्यं त्यांना कळतात, कारण वेळ, जागा, माणूस सगळं ठाऊक आहे; अर्धे ध्वनी नसले तरी वाक्य उभं राहतं. भाजीचा भाव, नव्या औषधाचं नाव, नातीच्या मैत्रिणीचं नाव मात्र अंदाजाने सापडत नाही. घरच्यांना हे "हवं ते ऐकू येतं" असं दिसतं. त्यांना ऐकू येतं ते अपेक्षित असलेलं. यात त्यांच्या इच्छेचा काही संबंध नाही.

दुसरी गोष्ट डोळ्यांची. हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडोनाल्ड यांनी १९७६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. चित्रफितीतली व्यक्ती 'ग' म्हणताना दिसते, आवाज मात्र 'ब'चा जोडलेला. बघणाऱ्या बहुतेकांना तिसरंच ऐकू येतं, 'द'. डोळे मिटले की लगेच 'ब'. ही युक्ती आहे हे माहीत असूनही डोळे उघडले की पुन्हा 'द' येतो. मी वर्गात दाखवतो तेव्हा मुलं पुन्हा पुन्हा डोळे मिटून उघडून बघतात. म्हणजे ओठ बघणं ही बहिऱ्या माणसाची खास कला नव्हे, आपण सगळेच ते करतो. आपल्याला त्याची गरज कमी पडते, एवढंच.

मराठीपुरतं सांगायचं तर प, ब, म ओठांवर एकसारखे दिसतात. "मामा" आणि "बाबा" यांत डोळ्यांना फरक दिसत नाही. क, ख, ग, ह तर घशाकडे, दिसतच नाहीत. पण गंमत अशी की म आणि ब यांच्यातला फरक खालच्या सुरांत असतो, तो तुमच्या आईच्या कानाला अजून मिळत असणार. आणि फ किंवा त कानाला मिळत नाही, पण ओठांवर, दातांवर बराचसा दिसतो. कान जे गमावतो ते डोळे बऱ्याच अंशी देतात. यासाठी समोर बसून, उजेडात बोलायला हवं. पाठमोरं बोलणं, स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत हाक मारणं, याला काही उपयोग नाही. करोनाच्या मास्कच्या काळात अशी कितीतरी माणसं अचानक "जास्त बहिरी" झाली, ती यामुळे.

आणि हे सगळं भरून काढायला कष्ट पडतात. संध्याकाळपर्यंत डोकं थकतं. त्या लग्नाकार्यात कोपरा धरून बसतात का?

---

सायंतारा

हो. अगदी पंखा नसलेला कोपरा. आम्हाला वाटायचं तिला माणसं नकोशी झालीत. मामेभावाच्या लग्नात मी तिला ओढत ओढत बायकांच्या घोळक्यात नेऊन बसवलं होतं, तिला बरं वाटेल म्हणून.

दोघांचेही मनापासून आभार. अजून एक विचारते. गेल्या दोन-तीन वर्षांत तिचं स्वतःचं बोलणंही बदललंय. 'स' बोथट झालाय, "साखर" म्हणताना जीभ सैल पडल्यासारखी वाटते. आणि ती फार मोठ्याने बोलते. हे पक्षाघाताचं वगैरे लक्षण नाही ना?

---

श्रवणा

एकाएकी झालं असतं, तोंड वाकडं झालं असतं, एक हात जड झाला असता, तर लगेच दवाखाना गाठायला सांगितलं असतं. हळूहळू आणि मुख्यतः स-श यांच्यात बदल असेल, तर कारण बहुधा कानच आहे. आपण बोलताना स्वतःला ऐकत असतो आणि जिभेची जागा क्षणोक्षणी सुधारत असतो. जो ध्वनी स्वतःलाच ऐकू येत नाही तो काही वर्षांत सैलावतो. मोठ्याने बोलण्याचंही तसंच. गोंगाटात आपला आवाज आपोआप चढतो, फ्रेंच डॉक्टर एत्येन लोंबार यांनी १९११ मध्ये हे नोंदवलं. आवाजाची पातळी ठरवायला कान लागतो. तरी एकदा डॉक्टरांना दाखवून खात्री करून घ्या, आणि वाचा-उपचार घ्या. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, तिथे ऐकणं आणि बोलणं या दोन्हींचं काम एका जागी होतं.

---

माळरान

माझे वडील साठच्या दशकात क्षयासाठी सॅनेटोरियममध्ये होते. स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं. त्यांचे कान शेवटपर्यंत चांगले होते, पण तोल गेला. दिवसा ठीक चालायचे. वीज गेली की भिंत धरून उभे राहायचे. रात्री मोटर सुरू करायला मळ्यात जाणं बंद झालं. चालताना दूरवरचे विजेचे खांब नाचतात, असं सांगायचे. लोक म्हणायचे, आजारातून उठल्यावर अशक्तपणा राहिला. चाळीस वर्षं अशक्तपणा राहतो का?

हे त्या औषधाचंच असेल का? आता विचारून उपयोग नाही, तरी विचारतो.

---

श्रवणा

माळरान, तुमचं वर्णन अगदी नेमकं आहे. कॉक्लियाला लागूनच तोल सांभाळणारी इंद्रियं असतात, तिथेही तशाच केशपेशी. या कुळातली स्ट्रेप्टोमायसिन आणि जेंटामायसिन तोलाच्या पेशींवर जास्त जातात, कानामायसिन आणि अमिकासिन ऐकण्याच्या. तोलाचं इंद्रिय गेलं की माणूस डोळ्यांवर आणि पायांच्या तळव्यांवर भिस्त ठेवून चालतो. अंधार पडला किंवा ढेकळं आली की एक आधार तुटतो. खांब नाचतात कारण डोकं हललं की नजर स्थिर ठेवायचं कामही तिथूनच चालतं.

स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये अमेरिकेत रटगर्स विद्यापीठात आल्बर्ट शॅट्झ आणि सेलमन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत सापडलं. क्षयावर चालणारं ते पहिलं प्रतिजैविक. पहिल्या रुग्णांवर वापरतानाच डॉक्टरांना चक्कर आणि तोल जाणं दिसलं होतं. पण समोर मरणारी माणसं होती. त्या काळी दुसरं काही हाताशी नव्हतं.

---

नदीकाठ

हा धागा वाचून झोप उडाली. माझ्या पत्नीला गेल्या महिन्यात टीबी निघाला. पुण्यात उपचार सुरू आहेत, रोज गोळ्या. तिलाही बहिरेपणा येईल का? आणि एक विनंती, असं लिहिताना घाबरलेल्या माणसांचा विचार करा. उद्या कुणी औषध बंद करेल.

---

श्रवणा

तुमची काळजी योग्य आहे, आणि हे मी सुरुवातीलाच लिहायला हवं होतं.

साध्या टीबीच्या पहिल्या सहा महिन्यांच्या उपचारात आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड, इथॅम्ब्युटॉल या गोळ्या असतात. आपण बोलतोय ती इंजेक्शनं त्यात नाहीत. लघवी नारिंगी होईल, ती रिफाम्पिसिनमुळे, घाबरू नका. इथॅम्ब्युटॉलने क्वचित नजरेवर, लाल-हिरव्या रंगांच्या ओळखीवर परिणाम होतो. अंधुक दिसायला लागलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. एकही गोळी मनाने बंद करू नका. अर्धवट सोडलेल्या औषधांतून एमडीआर टीबी तयार होऊ शकतो, आणि मग उपचार लांबतो, अवघड होतो.

---

पहाटवारा

नदीकाठ, तुमच्यासाठी आणखी एक बरी बातमी. एमडीआर टीबीचाही उपचार आता मुख्यतः गोळ्यांनीच होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये बेडाक्विलिन या गोळीला पुढे आणलं आणि कानामायसिन वापरू नये असं सांगितलं. दक्षिण आफ्रिकेने त्याच वर्षी इंजेक्शनऐवजी ही गोळी द्यायचं ठरवलं. आपल्याकडेही पुढच्या काही वर्षांत इंजेक्शनं मागे पडली.

हे आपोआप झालं नाही. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन यांची श्रवणशक्ती टीबीच्या औषधाने गेली. दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांचीही. या दोघींनी मिळून भारताच्या पेटंट कार्यालयात बेडाक्विलिनच्या पेटंटची मुदत वाढवून मागणाऱ्या अर्जाला विरोध केला, आणि मार्च २०२३ मध्ये तो अर्ज फेटाळला गेला. त्यामुळे स्वस्त गोळी बनवायची वाट मोकळी झाली. ज्या औषधाने आपले कान वाचले असते ते पुढच्यांना मिळावं म्हणून दोन मुली दोन देशांतून उभ्या राहिल्या. मला ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात असावी असं वाटतं.

---

देवचाफा

औषध आणि बोलण्याचा आमच्या घरातला अनुभव लिहितो. काकांना लहानपणापासून फिट्स येतात, फेनिटॉइन चालू आहे. २०२२ मध्ये चुलतभावाला टीबी झाला, म्हणून घरच्या सगळ्यांना प्रतिबंधक म्हणून सहा महिने आयसोनियाझिड दिलं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात काकांचं बोलणं लडबडायला लागलं. पाय वाकडे पडायचे. गावात बोभाटा झाला की म्हातारपणी दारू धरली. काकांनी आयुष्यात थेंब घेतलेला नाही. वारकरी आहेत. ते पारावर जाईनासे झाले.

काकू त्यांना तालुक्याला घेऊन गेल्या. डॉक्टरांनी आधी त्यांना बोट दाखवून नजर फिरवायला सांगितली. बुबुळं थरथरत होती. रक्तातली फेनिटॉइनची पातळी मोजली. १० ते २० हवी, ती ३४ निघाली. आयसोनियाझिडमुळे यकृत फेनिटॉइनचा निचरा सावकाश करतं, असं सांगितलं. डोस कमी केला, पंधरवड्यात बोलणं पूर्वीसारखं झालं.

तालुक्याला नेलं नसतं तर काका दारूडे म्हणूनच राहिले असते.

---

निवांत

देवचाफा, तुमच्या काकूंना नमस्कार सांगा. शब्द ठरवणं एकीकडे होतं आणि जीभ, ओठ, श्वास यांची वेळ जुळवणं दुसरीकडे. त्या जुळवणीत छोट्या मेंदूचा मोठा वाटा असतो. दारू आणि जास्त झालेलं फेनिटॉइन दोन्ही तिथेच घाव घालतात, म्हणून दोघांचं बोलणं सारखं वाटतं. बोलणं लडबडलं तरी विचार शाबूत असतो. काकांना सगळं समजत होतं, गावाचं बोलणंसुद्धा.

---

कुंदकळी

मायग्रेनसाठी मला टोपिरामेट दिलं होतं. उच्चार ठीक, पण शब्दच सापडायचे नाहीत. वर्गात फळ्यासमोर उभी राहून "डस्टर" हा शब्द शोधत होते. वाटलं, चाळिशीतच विस्मरण सुरू झालं. डॉक्टर म्हणाले, हा या औषधाचा ओळखीचा परिणाम आहे. हळूहळू कमी करून बदललं आणि शब्द परत आले. आधी सांगितलं असतं तर ते दोन महिने रडत गेले नसते.

---

आडवाट

अ‍ॅस्पिरिनने कान वाजतात हे खरं का? आईला हृदयासाठी रोज एक छोटी गोळी आहे.

---

श्रवणा

हृदयासाठी ७५ मिलिग्रॅम असते, त्याने सहसा नाही. दिवसाला काही ग्रॅम घेतलं तर कान वाजतात, ऐकूही कमी येतं. पूर्वी सांधेदुखीचे डॉक्टर कान वाजेपर्यंत अ‍ॅस्पिरिन वाढवायचे आणि मग थोडं खाली आणायचे. अ‍ॅस्पिरिन बाहेरच्या केशपेशींचं आखडणं-ताणणं तात्पुरतं अडवतं, पेशी मारत नाही. म्हणून औषध थांबलं की कान पूर्ववत होतात. तुमच्या सासऱ्यांना बहुधा सिसप्लॅटिन हे कर्करोगाचं औषध दिलं असेल, त्याचं नुकसान मात्र कायमचं असतं. सूज उतरवायची फ्युरोसेमाइड एकटी असेल तर बहुतेकदा तात्पुरता परिणाम करते, पण ती या इंजेक्शनांच्या जोडीला आली की धोका कितीतरी वाढतो.

सायंतारा, तुमच्या आईच्या माहेरी, म्हणजे आजी, मावशी, मामा, यांच्यात कुणाला इंजेक्शनांनंतर ऐकू येईनासं झालं होतं का?

---

सायंतारा

मावशीला. बाळंतपणात ताप आला होता, थोडीच इंजेक्शनं झाली आणि कान गेले, असं आजी सांगायची. आम्ही ते तापावर ढकललं होतं. का विचारलंत?

---

श्रवणा

कारण काही घराण्यांत मायटोकॉन्ड्रियातल्या, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागातल्या, जनुकात एक छोटा बदल असतो. १५५५ क्रमांकाच्या जागी डीएनएचं ए ऐवजी जी हे अक्षर. १९९३ मध्ये तो सापडला. हा बदल असलेल्यांचे कान या औषधाच्या थोड्या मात्रेनेही जाऊ शकतात, आणि तो फक्त आईकडून मुलांकडे येतो. तुमच्या आईला सहा महिने कानामायसिन होतं. एवढ्या औषधाने कुणाचेही कान जाऊ शकतात, त्यामुळे त्यांच्यात तो बदल असेलच असं नाही. पण मावशींचं ऐकल्यावर मी सांगेन की तुम्ही, तुमचा भाऊ, तुमची मुलगी, कुठल्याही दवाखान्यात दाखल व्हायची वेळ आली तर ही गोष्ट आधी सांगा. जेंटामायसिन, अमिकासिन आजही सर्रास दिली जातात, त्यांना बहुतेकदा पर्याय असतो. रक्ताच्या चाचणीने खात्रीही करता येते.

जे कुणी वाचत असतील त्यांना एकच मागणं. घरात कुणाला ही इंजेक्शनं लागणारच असतील तर पहिल्या डोसच्या आधी किंवा निदान पहिल्या काही दिवसांत कानाचा आलेख काढून घ्या आणि मग दर महिन्याला. शक्य असेल तिथे ८००० च्या वरचे सूरही तपासा, कारण नुकसान तिथे आधी दिसतं, बोलणं कळेनासं व्हायच्या कितीतरी आधी. औषध थांबल्यावरही काही महिने ते आतल्या कानात राहतं, म्हणून तेव्हाही तपासा.

आणि मशीन. कपाटातून काढा. तुमच्या आईचं मशीन बहुधा सगळे सूर सारखेच वाढवतंय, म्हणून भांडी टोचतात. खालचे सूर तसेच ठेवून फक्त वरचे उचलायचे, आणि मोठ्या आवाजाला मर्यादा घालायची, अशी जुळणी होते. जिथे पेशीच उरल्या नाहीत तिथले सूर खाली सरकवून देणारी मशीनंही आहेत. पहिले दोन-तीन आठवडे विचित्र वाटेल. सुरुवातीला दिवसातून तासभर, शांत घरात.

---

बर्फाळ मुक्काम

कॅल्गरीहून. माझी मुलगी इथेच जन्मली. "वाट" आणि "वात" तिला ऐकायला एकच वाटतात, आणि माझ्या आईला याचं फार वाईट वाटतं. व्हँकुव्हरच्या मानसशास्त्रज्ञ जॅनेट वर्कर यांचं १९८४ मधलं काम मी यामुळेच वाचलं. इंग्रजी घरातल्या सहा-आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतले त आणि ट वेगळे ऐकू येतात. वर्षाचं होईपर्यंत ते जवळजवळ पुसलं जातं. जन्मतः सगळ्यांना सगळं मिळतं, मग घरात जे ऐकू येतं तेवढंच मेंदू ठेवतो.

सायंतारांच्या आईबद्दल वाचताना उलटं मनात आलं. त्यांचा मेंदू साठ वर्षं मराठी ऐकून घडलाय. "जग" मधला ज आणि "जगणं" मधला ज वेगळा, हे त्यांना आजही माहीत असणार. कान गेला तरी ती बैठक शाबूत आहे ना?

---

निवांत

शाबूत आहे. त्या तिच्यावरच तर चालल्यात. म्हणून ओळखीच्या शब्दांत, पूर्ण वाक्यात बोला. न कळल्यास तोच शब्द तिसऱ्यांदा ओरडण्यापेक्षा वाक्य बदला. "ताट आण" कळलं नाही तर "जेवायचं ताट, ते मांडणीवरचं". आकडे बोटांनी दाखवा. आणि बोलायच्या आधी हाक मारा, नजर वळू द्या.

---

सायंतारा

तीन आठवड्यांनी लिहितेय. मशीनची जुळणी दुसऱ्या ठिकाणी बदलून घेतली. सकाळी तासभर लावते. भांडी अजून आवडत नाहीत, पण काढून फेकत नाही. वांद्र्याची तारीख पुढच्या महिन्यात आहे.

निवांत सरांचं वाचून मी आणि लेकीने घरी वीस शब्दांची यादी केली. खाट, ताट, पाट, सात, आठ, तीस, वीस, साप, असे. आईला मशीन न लावता समोर बसवलं. आधी तोंडासमोर वही धरून वाचले. वीसपैकी सात बरोबर. मग वही बाजूला ठेवून, त्याच आवाजात, क्रम बदलून. पंधरा.

मी तिला कागद दाखवला. सात आणि पंधरा. ती बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "वही काढल्यावर तू मोठ्याने बोललीस ना."

मी नाही म्हटलं. लेकीनेही नाही म्हटलं. आईला पटेना. तिने मला पुन्हा वही धरायला लावली, पुन्हा काढायला लावली. चार-पाच वेळा.

"होतो बघ," ती म्हणाली, "तुझं तोंड दिसलं की आवाज मोठा होतो."